दिंडीच्या टाकीतलं पाणी



ज्येष्ठ लागला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात दिंड्यांची लगबग सुरू होते. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पानकनेरगावला आपल्या जिल्ह्यात येते आणि सेनगाव, औंढ्याकडून परभणीला जाते. गावोगावच्या लहान दिंड्या वेगळ्याच. प्रत्येकीच्या मागे एक टेम्पो असतो. त्यात पिठाची पोती, पातेली, ताडपत्री, पाय सुजलेली एखादी म्हातारी, आणि केबिनला टेकवून दोरखंडानं आवळलेली हजार लिटरची काळी टाकी. पंढरपूर येईपर्यंत ते चाकांवरचं घरच. अशाच चाकांवरच्या घरांसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या गाड्यांत स्वयंपाकघर असतं, न्हाणीघर असतं, आणि पोटात अशीच एक पाण्याची टाकी असते. तिलाही दिंडीच्या टाकीसारखीच निगा लागते.

मी आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली. निवृत्त झालो आणि गावच्या दिंडीचं पाणी माझ्याकडे आलं. पहिल्याच वर्षी गंगाखेडच्या पुढे एका रात्रीत चौदा जणांना जुलाब सुरू झाले. पाणी तर शुद्ध केलेलं, नळाचं होतं. सकाळी टाकी रिकामी केली, आत हात घातला, तर तळाशी बोटं घसरली. गाळाचा बुळबुळीत थर होता, आणि त्यात एक मेलेलं झुरळ. वर्षभर ती टाकी गोठ्यात उघडी पडली होती. निघायच्या दिवशी आम्ही तिला दोन बादल्या पाण्यानं विसळलं आणि टेम्पोवर चढवलं. चूक माझी होती. पाणी कुठून भरलं एवढंच मी बघत होतो. कशात भरलं ते बघितलंच नाही.

त्या बुळबुळीत थरात जंतू तग धरून राहतात, आणि पाण्यात टाकलेल्या औषधाचा जोर त्या थरावरच संपून जातो. म्हणून आता निघायच्या दोन दिवस आधी आम्ही टाकी आतून घासून काढतो आणि गाळ उपसून टाकतो. मग ती काठोकाठ भरायची. हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्यायची. पावडर थेट टाकीत झोकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची. एकेक तोटी उघडून क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं, म्हणजे तोटीपर्यंतची नळीही धुतली जाते. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी ते सगळं पाणी सोडून द्यायचं आणि चांगल्या पाण्यानं दोनदा खंगाळायचं. रात्रभर ठेवलेलं ते औषधाचं पाणी पिण्याचं नव्हे, हे पोराबाळांना बजावून सांगा. आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

टाकी भरायच्या पाइपाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. मुक्कामाला टेम्पो थांबला की पाइप जमिनीवर फेकला जातो. चिखलात लोळतो, त्यावरून बैलगाडी जाते, त्यानंच टेम्पोची चाकं धुतली जातात, आणि संध्याकाळी तोच टाकीत सोडला जातो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवा. वेटोळं करून वर टांगा, दोन्ही टोकं स्वच्छ पिशवीनं बांधा. भरण्याआधी थोडं पाणी वाहू द्या, आणि टोक टाकीतल्या पाण्यात बुडवू नका. कीटकनाशकाचा किंवा डिझेलचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला घेऊ नका.

रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, तीही निवळ करूनच, आणि मग अर्धा तास थांबणं. तो अर्धा तास कोणाला धरवत नाही, उन्हातून आलेली माणसं तांब्या घेऊन उभीच असतात. पण औषधाला तेवढा वेळ लागतोच. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. दोन्ही करावं लागतं. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड मात्र क्लोरिननंही जात नाहीत, उकळूनही जात नाहीत. त्यामुळे कुठल्या गावी कुठलं पाणी प्यायचं, ते तिथल्या ग्रामपंचायतीला विचारून घ्या.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. माझी आजी पंढरीला निघताना पटकीची सुई टोचून घ्यायची आणि दोन दिवस दंड धरून बसायची. आपल्या हातात आज पाण्यात क्लोरिन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट आहे. परीक्षानळीत तोटीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, ते प्यायचं नाही. ही नळी वापरायची कशी, ते तुमच्या गावचा जलसुरक्षक किंवा आरोग्य सेवक दाखवील. निघण्याआधी एकदा त्याच्याकडे जाऊन या.

आमच्या दिंडीत हे काम आता नववीतल्या एका मुलीकडे आहे. शेवटच्या तोटीचं पाणी घेऊन ती नळी उन्हाकडे धरते. रंग येईपर्यंत सगळे गप्प. पिवळं दिसलं की ती ओरडते, "भरा!" मगच तांबे पुढे होतात.