उलटी चढवलेली दोरी

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक तीरकमठा मिळाला. विकणारा म्हणाला, "साहेब, पेशवाईतला माल आहे." पुण्यात कुठलीही गंजकी वस्तू पेशवाईतलीच असते, म्हणून मी हसलो. पण घरी येऊन नीट पाहिलं, तर धनुर्धराकडच्या बाजूला शिंगाची पट्टी, मध्ये लाकूड आणि पाठीवर, रंगाच्या पापुद्र्याखाली, जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसात बसवलेले! हे खऱ्या जुन्या घडणीचं लक्षण. एकसंध लाकूड नुसतं रंगवलेलं असेल, तर ते शोभेचं समजावं. भिल्लांचा कमठा निराळा. तो बांबूचा, आणि त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच कामटीची.

शिंगाच्या धनुष्याची दोरी काढली, की ते खेकड्याच्या नांग्यांसारखं उलट्या बाजूला वळतं. दोरी चढवायची ती या बाकाच्या विरुद्ध. हे मला ठाऊक नव्हतं. दिसला तो बाक धरून मी दोरी ताणली आणि शिंगाची पट्टी कडकन उलली. कित्येक पिढ्या टिकलेली वस्तू माझ्या हातून अर्ध्या मिनिटात गेली.

पुढे मी केळकर संग्रहालयात जाऊन, हात मागे बांधून, नुसतं बघायला शिकलो. दिनकर केळकरांनी हजारो वस्तू जमवल्या आणि १९७५ साली शासनाला देऊनही टाकल्या.

तो मोडका कमठा अजून माझ्याकडे आहे. तडा गेल्यामुळे त्याचे तिन्ही थर स्वच्छ दिसतात. कुणी आपलं धनुष्य घेऊन विचारायला आलं, की आधी तोच पुढे ठेवतो.