गाविलगड ते नरनाळा: एकट्याच्या पदयात्रेची पूर्वतयारी

नागपूरकर भोसल्यांचे भवितव्य ज्या तटांपाशी ठरले, त्या चिखलदऱ्याजवळील गाविलगडाकडे आणि पुढे अकोटच्या उत्तरेस असलेल्या नरनाळ्याकडे काही दिवसांची पदयात्रा एकट्याने योजणाऱ्याने सामानाची यादी करण्यापूर्वी परवान्याचा विचार करावा. कारण हा मुलूख मेळघाटच्या अरण्याचा असून तेथे वाघ, बिबटे व अस्वले यांचा नित्य संचार आहे.

१५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने, उत्तरेकडील तटाला तोफांनी खिंडार पाडून, गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, हे दोन्ही गड मात्र त्यांच्याकडेच राहिले. हा इतिहास मनात ठेवून जो उत्तरेच्या बाजूने तट निरखीत चालेल, त्याला ढासळलेला प्रत्येक बुरूज बोलका वाटेल. नरनाळ्यावर तर १४८७ सालचा, शिलालेखांनी मंडित असा महाकाली दरवाजा आहे. त्याच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवणे मला अल्पच वाटते.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून उबदार पांघरूण अत्यावश्यक. तटाच्या आत राहुटी ठोकू नये. मुक्काम चिखलदऱ्यास किंवा पायथ्याच्या गावी करावा, आणि अरण्यातील वाटेपुरता एकटेपणाचा हट्ट सोडून स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. निघण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत लेखी चौकशी अवश्य करावी, ही आग्रहाची विनंती.