उत्तरायण : पंचांगातले आणि आकाशातले

(मकरसंक्रमण उत्सवातील भाषणाचा संपादित मजकूर)



मकरसंक्रमणाच्या दिवशी घरोघरी आणि शाळाशाळांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. 'आजपासून उत्तरायण सुरू झाले, दिवस मोठा होऊ लागला.' या वाक्यामागची भावना मंगल आहे. अंधाराकडून प्रकाशाकडे जाण्याचा संकल्प समाजाने एकत्र येऊन करावा, यासाठीच हा उत्सव आहे. परंतु वस्तुस्थिती म्हणून ते वाक्य आज खरे नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. १४ जानेवारीपर्यंत पुण्याचा दिवस सहा-सात मिनिटांनी वाढलेलाही असतो. हा तीन आठवड्यांचा फरक कोठून आला, हे समजून घेणे परंपरेला सोडून नाही. उलट तिला धरूनच आहे.

समई आणि नारळ

ऋतू का होतात, या प्रश्नावर 'पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा' असे उत्तर सुशिक्षितांकडूनही मिळते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या ऐन थंडीत. तेव्हा हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या प्रारंभी ते १५ कोटी २१ लाखांवर जाते. अंतरामुळे ऋतू होत असते, तर सिडनीतील मराठी कुटुंबांना संक्रांतीचा तीळगूळ भर उन्हाळ्यात वाटावा लागला नसता.

खरे कारण आहे पृथ्वीच्या आसाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल. तो घरातील मुलांना सहज दाखविता येईल. खोलीच्या मध्यभागी समई लावावी. हातात नारळ घेऊन त्याची शेंडी उत्तरेच्या भिंतीकडे झुकवावी आणि तो कल तसाच ठेवून समईला प्रदक्षिणा घालावी. समईच्या दक्षिणेस असताना शेंडी ज्योतीकडे झुकलेली दिसेल; उत्तरेस गेल्यावर तीच शेंडी ज्योतीपासून दूर गेलेली दिसेल. शेंडीने आपली दिशा सोडलेली नाही; बदलली आहे ती केवळ जागा. शेंडीकडील अर्धा भाग म्हणजे आपला उत्तर गोलार्ध. तो सूर्याकडे झुकला की किरण अधिक सरळ पडतात आणि दिवसही लांबतो. उष्णता वाढते ती या दोन्हींमुळे.

विषुववृत्तापासून जितके दूर जावे, तितका दिनमानातील फरक मोठा. कन्याकुमारीचा सर्वांत मोठा दिवस सुमारे १२ तास ३५ मिनिटांचा, मुंबईचा सव्वातेरा तासांचा, तर श्रीनगरचा जवळजवळ साडेचौदा तासांचा असतो. येथे वेदांगज्योतिषाचे स्मरण होते. त्या ग्रंथाने सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा, म्हणजे १४ तास २४ मिनिटांचा सांगितला आहे. हे मान कन्याकुमारीचे नव्हे, मुंबईचेही नव्हे; ते काश्मीरच्या अक्षांशाशी जुळते.

भोवऱ्याची डुलकी

मग संक्रांत मागे का पडली? वेगाने फिरणारा भोवरा जसा डुलत डुलत आपली आर फिरवितो, तसा पृथ्वीचा आसही अतिशय संथपणे फिरत असतो. त्याची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. यालाच आपण संपातचलन किंवा अयनचलन म्हणतो. त्यामुळे ऋतूंचे वर्ष हे नक्षत्रांच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान भरते. आपली संक्रांत नक्षत्रांवर, म्हणजे निरयन गणनेवर आधारलेली. उत्तरायण मात्र ऋतुचक्राचे. वर्षाला २० मिनिटे म्हणजे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास दोन्ही एकाच दिवशी होत असत. आज त्यांच्यात सुमारे २४ दिवसांचे अंतर आहे. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला आली, तीही या प्रवाहातच. असेच चालू राहिले, तर सुमारे ४,७०० वर्षांनी संक्रांत वसंतसंपाताच्या दिवशी येईल आणि थंडीसाठी केलेले तिळाचे लाडू चैत्राच्या उन्हात खावे लागतील.

प्रत्यक्ष पाहण्याची परंपरा

पूर्वजांना हे ठाऊक नव्हते, असे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिरांनी बृहत्संहितेत स्पष्ट नोंदविले आहे की, पूर्वी उत्तरायण धनिष्ठांच्या आरंभी होत असे, आता ते मकरारंभी होते. आणि यात फरक पडल्यास तो प्रत्यक्ष निरीक्षणाने ठरवावा. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' या ग्रंथात याच चलनाच्या आधारे वेदकाल निश्चित करण्याचा प्रयत्न केला. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत आजही १० जानेवारीच्या सुमारास येते. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. त्यातून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात १ पौष येतो २२ डिसेंबरला, सूर्य वळतो त्याच सुमारास. ही दिनदर्शिका राजपत्रावर छापली जाते आणि आकाशवाणीवर उच्चारली जाते. आपल्या घरात मात्र ती क्वचितच पोहोचते.

संक्रांतीचा दिवस उद्याच बदलावा, असा याचा अर्थ नाही. कोट्यवधी लोकांचा सण एका सभेच्या ठरावाने हलत नसतो आणि हलवूही नये. परंतु आपल्या मुलांना सत्य सांगणे आपल्या हाती आहे. संक्रांत हा सूर्याच्या निरयन मकर राशीतील प्रवेशाचा दिवस आणि उत्तरायणाचा आरंभ त्यापूर्वीचा, हे दोन्ही एका दमात सांगता येते. चुकीचे वाक्य ऐकून वाढलेला मुलगा पुढे विज्ञान शिकतो, तेव्हा त्या वाक्यासोबत संपूर्ण परंपराच खोटी ठरवून मोकळा होतो. ही हानी टाळता येण्यासारखी आहे.

येत्या २२ डिसेंबरला गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करावी. आपल्या ज्योतिर्विदांचा शंकू तो हाच. माध्यान्ही पुण्यात तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. १४ जानेवारीला ती सुमारे ८४ वर आलेली असेल. मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि आकडे त्यांनाच लिहू द्यावेत. वराहमिहिरांनी सांगितलेले प्रत्यक्ष परीक्षण ते हेच. त्यानंतर तीळगूळ वाटताना जे गोड बोलू, ते खरेही असेल.