रुळांखालची जमीन

अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ओलांडून १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. जी. आय. पी. कंपनीला सरकारने जमीन फुकट दिली. पण १८४९ च्या पहिल्या कराराच्या धर्तीवर, ९९ वर्षांसाठी आणि गाडीच्या कामापुरतीच.

अमेरिकेत १८६२ पासून कंपन्यांना रुळांच्या दोहों बाजूंची मैलोगणती जमीन मालकीने मिळाली. खनिजाची तेवढी वगळायची होती. कॅलिफोर्नियात एल्क हिल्सला तेल असल्याची जाणीव असूनही सदर्न पॅसिफिक कंपनीने साधी जमीन म्हणून सनद घेतली. १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

आणि आपल्या वावराखाली? सातबारा तुमचा, बरं का. पण १९६६ च्या महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने खालचे खनिज सरकारचे, सनदेत वेगळे लिहिले नसेल तर! पेटीत जुनी सनद असेल, तर गुरुजींकडून ओळ न ओळ वाचून घ्या.