लुइस्टनच्या फातुमा हुसेन

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथे अँड्रोस्कॉगिन नदीकाठी सुमारे ३७,००० वस्तीचं लुइस्टन हे गिरण्यांचं गाव. बेट्स गिरणीच्या पलंगपोसांना एकेकाळी मोठं नाव होतं. कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक कामगारांनी या गिरण्यांत पिढ्या घालवल्या. पुढे एकेक गिरणी थंडावली, तरुण पोटासाठी बाहेर पडले आणि घरं ओस पडली.

२००१ साली त्या घरांत सोमाली कुटुंबं राहायला येऊ लागली. सोमालियात १९९१ मध्ये सरकार कोसळलं, यादवी पेटली. त्यातून जीव वाचवून अमेरिकेत पोचलेली ही माणसं. अटलांटासारख्या मोठ्या शहरात पोरांच्या काळजीने त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. लुइस्टनला भाडं कमी, शाळा चांगल्या, रस्त्यावर धास्ती नाही. फातुमा हुसेनही अटलांटाहूनच आल्या. त्याच वर्षी त्यांनी ‘युनायटेड सोमाली विमेन ऑफ मेन’ ही बायकांची संस्था काढली.

दीडेक वर्षात हजारावर सोमाली गावात आले. ऑक्टोबर २००२ मध्ये महापौर लॉरिए रेमंड यांनी सोमाली वडीलधाऱ्यांना जाहीर पत्र लिहिलं. गावावर ताण पडतोय, आपल्या माणसांना येण्यापासून आवरा, असा त्याचा आशय. ही संधी साधून बाहेरच्या वर्णद्वेष्ट्यांनी लुइस्टनमध्ये सभा लावली. ११ जानेवारी २००३, कडाक्याची थंडी. त्यांच्या सभेला आली तीसेक माणसं आणि त्याच दिवशी गावातल्या बेट्स कॉलेजात सोमालींच्या पाठीशी चार हजारांवर लोक उभे राहिले.

या दिवसाचं कौतुक व्हायलाच हवं. मला मात्र फातुमाबाईंचं त्यानंतरचं, गर्दी नसलेलं काम अधिक मोलाचं वाटतं. त्यांच्या संस्थेने घरातल्या मारहाणीचा आणि लैंगिक अत्याचाराचा प्रश्न हाती घेतला. आधीच बोट दाखवलं जात असलेल्या समाजात हे किती अवघड! घरातलं चव्हाट्यावर आणलं तर बाहेरच्यांच्या हाती कोलीत मिळेल, असं आपलीच माणसं म्हणणार. आणि गप्प बसावं, तर मार खाणारी बाई एकटी पडणार. तिला इंग्रजी येत नाही, कायदा ठाऊक नाही, माहेर सात समुद्रांपलीकडे. पोलिसांपुढे तिच्या वतीने बोलायला कोण, तर कधी नवरा, नाहीतर शाळेत जाणारं लेकरू! आईवर काय गुदरलं ते मुलाने परक्यांना सांगायचं? म्हणून तिची भाषा बोलणारी, तिची रीत जाणणारी बाई शेजारी बसायला हवी.

ती बाई मिळण्याची सोय या संस्थेने केली. आज संस्थेचं नाव ‘इमिग्रंट रिसोर्स सेंटर ऑफ मेन’ आहे आणि मदत मागायला येणाऱ्या बायका आता केवळ सोमालियाच्या राहिलेल्या नाहीत.