माडीवरील शर्यतीची मोटार

(नभोवाणीवर झालेलें भाषण)



साताऱ्यांत शनिवार पेठेंत आमचें जुनें घर आहे. त्या घराच्या माडीवर दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली आहे, आणि त्या खोलींत सध्यां एक शर्यतीची मोटार उभी आहे. तिला चाकें नाहींत; ती बोटभरहि पुढें सरकत नाहीं. तरी तींत बसणारास वेगाचा, वळणाचा आणि करकचून दाबलेल्या ब्रेकचा अनुभव येतो. ही मोटार माझ्या नातवानें व मीं मिळून तयार केली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे शिकविण्यांत गेला. तेव्हां यंत्रशास्त्रांतील अधिकारी म्हणून मी बोलत नाहीं. पण हें यंत्र आम्हीं कां केलें, तें कसें चालतें, आणि काय शिकविणें त्याच्या आवांक्यांत नाहीं, एवढें आपणांस सांगावें असें वाटलें.

माझा हा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, सांगलीस विश्रामबागेंत राहून इंजिनियरिंगचा अभ्यास करतो. दोन वर्षांपूर्वीं यवतेश्वरच्या घाटांत तो मोटारसायकलवरून पडला व त्याच्या गळ्याजवळचें हाड मोडलें. हाड सांधलें, पण त्याच्या आईची झोप उडाली ती उडालीच. पुढें तो संगणकावर मोटारशर्यतींचे खेळ खेळूं लागला. एके दिवशीं मुलगी मला म्हणाली, "अण्णा, ह्याच्या डोक्यांतला वेग घरांत कुठें तरी बसवा." त्यावर नातू म्हणाला, "आजोबा, पडद्याबरोबर खुर्चीहि हलली, तर मला रस्त्याची आठवण होणार नाहीं." वेगाची भूक अशानें भागेल कीं वाढेल, ही शंका मला होती. तरीहि मीं होकार दिला.

प्रथम ह्या यंत्राचें मर्म सांगतों. आपण एस्.टी.च्या गाडींत बसलों आहों अशी कल्पना करा. गाडी एकदम सुटली कीं पाठ मागें दाबली जाते. ब्रेक लागला कीं अंग पुढें झुकतें. आपल्या प्रत्येक कानाच्या आंत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांच्यामुळें डोकें फिरलेलें कळतें. त्यांच्या शेजारीं चुन्याचे सूक्ष्म कण असलेल्या दोन पिशव्या आहेत. त्या वेगांतील फेरफार व पृथ्वीचें आकर्षण ह्यांची वर्दी मेंदूस देतात. गंमत अशी कीं, ह्या दोहोंतील भेद त्या पिशव्यांना ओळखतां येत नाहीं. मोटार जोरानें पुढें सुटली काय किंवा खुर्ची हळूच मागें कलली काय, वर्दी एकच! खुर्ची दहा अंश मागें कलली कीं अंगाच्या वजनाचा सुमारें सहावा हिस्सा पाठीवर येतो. डोळ्यांपुढें पडद्यावर रस्ता धांवत असला, तर डोळेहि ह्या कटांत सामील होतात, आणि मेंदू म्हणतो, "गाडी सुटली!" मात्र हें कलणें मंद हवें. सेकंदास सुमारें तीन अंशांहून अधिक वेगानें खुर्ची कलली, तर नळ्यांना संशय येतो आणि सोंग उघडें पडतें.

ही युक्ति नवी नाहीं. अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक नांवाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन व आपोआप वाजणारे पियानो करण्याचा कारखाना होता. विमान चालविण्याचें शिक्षण फार महाग, म्हणून त्यानें 1929 सालीं ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच डुलणारें एक लहानसें विमान तयार केलें. प्रथम तें जत्रेंतलें खेळणें म्हणूनच खपलें. पुढें 1934 सालीं अमेरिकन लष्करानें विमानटपालीचें काम अंगावर घेतलें व वाईट हवेंत अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां कोठें लष्करानें त्याचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. मिरजेंत सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांवरून जातांना मला ह्या लिंकची आठवण होते. वाद्याचा भाता जाणणारा हात विमानविद्येच्या असा उपयोगीं पडला! पुढें एरिक गॉफ ह्या इंजिनियरानें टायरांची परीक्षा घेण्यासाठीं सहा पायांवर हलणारें व्यासपीठ केलें, आणि 1965 सालीं स्ट्युअर्ट ह्यांनीं वैमानिकांच्या शिक्षणासाठीं तशा जातीच्या व्यासपीठाची योजना मांडली. वैमानिकांना शिकविण्याचीं मोठीं यंत्रें आज बहुधा ह्याच घडणीचीं असतात.

सहा पाय आम्हांस परवडले नसते, आणि माडीवर मावलेहि नसते. आम्हीं दोनच हालचाली पत्करल्या: पुढें-मागें कलणें आणि डावीउजवीकडे कलणें. चौकोनी लोखंडी नळीची साडेचार फूट लांब व अडीच फूट रुंद चौकट केली. तिच्या मध्यावर आंखूड खांब. खांबाच्या टोंकावर जुन्या जीपच्या शाफ्टाचा क्रॉस, म्हणजे सर्व बाजूंनीं कलूं देणारा पण गिरकी घेऊं न देणारा सांधा. आणि त्यावर भंगारांतून आणलेली मोटारीची खुर्ची. सुकाणूचें चाक व पेडल आम्हीं चौकटीवरच पक्के केले. त्यामुळें हलणारें वजन कमी झालें. खुर्चीच्या मागें दोन्ही अंगांस एकेक दांडी व एकेक मोटर आहे. ह्या मोटरी मोटारीच्या कांचेवरील पाणी पुसणाऱ्या वायपरच्या. त्या बारा व्होल्टवर चालतात, आणि आंत वर्म गिअर असल्यामुळें सावकाश पण जोरानें फिरतात. दोन्ही दांड्या एकदम खालीं गेल्या कीं खुर्ची मागें कलते. एक वर व एक खालीं गेली कीं बाजूस कलते. पडद्यावरील गाडी डावीकडे वळली कीं खुर्ची उजवीकडे कलते, कारण खऱ्या गाडींत अंग तिकडेच फेकलें जातें.

खेळ चालूं असतां गाडीच्या वेगाचे, ब्रेकचे, वळणाचे आंकडे तो खेळच बाहेर पाठवितो. कांहीं खेळ सेकंदास साठ वेळां पाठवितात. सिमटूल्स नांवाच्या आज्ञावलीनें त्यांवरून खुर्ची किती कलावी तें ठरवावयाचें, आणि आर्डुइनो ह्या तळहाताहून लहान पट्टीनें मोटरींस हुकूम द्यावयाचा. मोटर खरोखर किती फिरली हें कळण्यासाठीं प्रत्येकीच्या आंसास एक खुंटी जोडली आहे. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणारी असते त्याच जातीची. हुकूम आणि खुंटीची साक्ष जुळेपर्यंत मोटर फिरते.

जोडकाम नातवानें कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत करून घेतलें. आमच्या ह्या मुलुखाला लोखंडाची ओळख जुनी आहे. 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणरावहि पूर्वीं मुंबईस शिक्षकच होते, ह्या आठवणीनें मला धीर येई. मात्र अरुंद जिन्यावरून चौकट वर जाईना! शेवटीं ती मध्यें कापून नटबोल्टांनीं जोडावी लागली. लहान घरांत असें यंत्र करूं इच्छिणारांनीं आधीं जिना मोजावा.

दुसरी चूक माझ्या पाढ्यांनीं सुधारली. पहिल्या दिवशीं मोटरी दहा मिनिटांत हात लावूं देईनात इतक्या तापल्या. नातू अधिक मोठ्या मोटरी आणावयास निघाला. मीं त्याला थांबविलें व तराजूचा नियम मांडला. माणूस व खुर्ची मिळून 100 किलो धरूं. त्यांचा भार सांध्यापासून 10 सेंटिमीटर मागें पडत होता. दांड्या 40 सेंटिमीटरांवर होत्या. म्हणजे खुर्ची नुसती सरळ ठेवण्यासाठींच दांड्यांना सतत 25 किलोंचा भार पेलावा लागे. खुर्ची पुढें सरकवून तें अंतर 2 सेंटिमीटरांवर आणतांच तो 5 किलोंवर आला. मोटरी त्याच राहिल्या, आणि तापणें थांबलें.

तिसरी चूक हांवेची. नातवानें खुर्ची जास्तींत जास्त हलेल अशी योजना केली, आणि अर्ध्या तासांत त्याला मळमळूं लागलें. आम्हीं हालचाल निम्म्यावर आणली. धक्का दिल्यावर खुर्चीनें कानाला न कळत हळूहळू मध्यावर परत यावें, अशीहि व्यवस्था केली. आश्चर्य असें कीं, कमी हलणारी खुर्ची अधिक खरी वाटूं लागली.

एक वस्तु मात्र मीं हट्टानें बसवून घेतली: मोटरींची वीज तत्काळ तोडणारें लाल बटन. एकदां खुंटीची तार सुटली, मोटरीला आपण कोठें आहों हें कळेना, आणि खुर्ची एका बाजूस झोंक घेऊन दांडी करकरूं लागली. बटन हाताशीं होतें म्हणून निभावलें. त्या दिवशीं दांड्यांभोवतीं पत्र्याचें झांकणहि आलें, कारण तेथें बोट सांपडलें तर तें शाबूत राहणार नाहीं. लहान मुलें खोलींत असतां आम्ही यंत्र सुरू करीत नाहीं.

आतां ज्यासाठीं हा खटाटोप केला त्याविषयीं. सुटींत एके सायंकाळीं मी नातवाच्या मागें बसून पाहत होतों. वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली. खुर्चीनें हिसका दिला. त्यानें एक कळ दाबली, आणि गाडी नवीकोरी होऊन पुन्हां रस्त्यावर उभी! तासाभरांत तो सात वेळां आदळला आणि सातहि वेळां तसाच उठला. कानाला फसवावयाचें म्हणून आम्हीं यंत्र केलें होतें. पण त्यानें एक न योजलेली फसवणूकहि केली होती. पडण्याची किंमत त्यानें शून्य करून टाकली होती.

मीं नियम घातला. गाडी आदळली कीं लाल बटन दाबावयाचें, जिना उतरून अंगणांत तुळशीला एक फेरी घालावयाची, आणि मग पुन्हां बसावयाचें. नातू कुरकुरला, "आजोबा, शर्यत मोडते." मीं म्हटलें, "मोडूं दे. यवतेश्वरला मोडली तेव्हां तीन महिने गेले होते. येथें तीन मिनिटें." पहिल्या आठवड्यांत जिना सारखा वाजत होता. सुटी संपण्याच्या सुमारास तो बराच शांत झाला.

शेवटच्या दिवशीं माझी मुलगी स्वतः खुर्चींत बसली. तिनें घाटाचा रस्ता निवडला, गाडी चाळिसाच्या वर नेली नाहीं, आणि एकदांहि न आदळतां खालीं उतरली. मग म्हणाली, "अण्णा, इतकं हळू नेलं तरी वळणावर पोटांत गोळा येतो." नातू जवळच उभा होता; तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मोटारसायकलची किल्ली खुंटीला अडकवून तो एस्.टी.नें सांगलीस गेला.

ही एका खेपेची गोष्ट. यंत्रानें मुलगा सुधारला असें मी म्हणणार नाहीं. पुढचें पुढें दिसेल. आपल्या घरीं असा वेगाचा वेडा मुलगा असेल, तर त्याला यंत्र करूं द्यावें. पण लाल बटन आपल्या हाताशीं ठेवावें, आणि तो पडला कीं त्याला जिना उतरावयास लावावें.