बारा डिसेंबर: राजाचा आणि गिरणी कामगाराचा



वर्तमानपत्रात ‘दिनविशेष’ नावाचा एक चौकोन असतो. आपण तो चहा घेता घेता वाचतो आणि पान उलटतो. १२ डिसेंबरचा चौकोन मात्र जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांनी जरा थांबून वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

वाढदिवस आधी सांगून टाकतो. शरद पवारांचा जन्म १९४० चा, गोपीनाथ मुंडे यांचा १९४९ चा, आणि बंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत, यांचा १९५० चा. तिघांचीही तारीख हीच. केनिया १९६३ साली याच दिवशी स्वतंत्र झाला. ही सगळी माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मला बोलायचं आहे ते त्या चौकोनातल्या एका जोडीबद्दल.

१२ डिसेंबर १९११. दिल्लीत दरबार भरला होता. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज स्वतः हजर होता, संस्थानिक एकेक करून मुजरा करत होते. त्या दरबारात राजाने दोन गोष्टी जाहीर केल्या. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला जाणार, आणि बंगालची फाळणी रद्द होणार. पहिलीवर खूप लिहिलं गेलं आहे. माझ्या मते दुसरी जास्त मोलाची. १९०५ साली व्हाइसरॉय कर्झनने बंगाल तोडला, त्यावर स्वदेशीची चळवळ उभी राहिली, पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली, आणि सहा वर्षांनी साम्राज्याला आपला निर्णय फिरवावा लागला. एवढ्या थाटाच्या दरबारात सरकारने ही माघार जाहीर केली. ती वदवून घेण्यात परदेशी कापड न घेणाऱ्या साध्या माणसांचा मोठा वाटा होता.

आता बरोबर एकोणीस वर्षं पुढे या. १२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. राजा तोच, पाचवा जॉर्ज. महिन्यापूर्वीच त्याने लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन केलं होतं. नव्या दिल्लीच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, फेब्रुवारीत उद्घाटन व्हायचं होतं. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. आणि मुंबईत काळबादेवीच्या गल्लीतून परदेशी कापडाने भरलेला ट्रक निघाला होता.

काळबादेवीच्या कापडबाजारात तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. दोन्ही बाजूंना पेढ्या, मधे गठ्ठे वाहणारे हमाल, हातगाड्या. समोरून गाडी आली तर अंग चोरून उभं राहावं लागतं. अशा चिंचोळ्या रस्त्यावर बावीस वर्षांचा एक गिरणी कामगार त्या ट्रकसमोर आडवा झाला. पोलीस होते, बघ्यांची गर्दी होती. ट्रक थांबला नाही, त्याच्या अंगावरून गेला. तो मुलगा आपला होता. बाबू गेनू सैद, महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव.

त्याच्याबद्दल बोलताना आपण फार लवकर ‘हुतात्मा’ म्हणतो आणि हार घालून मोकळे होतो. त्याआधी तो कामगार होता, हे विसरायला नको. आपल्याकडची कोरडवाहू जमीन घर चालवायला पुरत नसे. म्हणून घाटावरची माणसं मुंबईची वाट धरत. गिरणीचा भोंगा, खाणावळीचं जेवण, एका खोलीत दहा-बारा जणांची पथारी, महिन्याला गावी मनीऑर्डर. बाबू गेनू त्या लोंढ्यातला एक. आणि विचार करा, तो स्वतः कापडगिरणीत राबणारा. मँचेस्टरचं कापड आल्याने आपल्या मागाचं काय होतं, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन समजावण्याची गरज नव्हती.

दरबारात राजाने ज्या बहिष्कारापुढे माघार घेतली, त्याच बहिष्कारासाठी त्याच तारखेला या मुलाने जीव दिला. दरबारासाठी राजा मुंबईला उतरला, त्याची आठवण म्हणून अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया उभा आहे. देशभरातले लोक तिथे फोटो काढतात. तिथून काळबादेवी चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिकडे किती जण वळतात?

आंबेगावने आपल्या परीने त्याची आठवण ठेवली आहे. डिंभे धरणाच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असं नाव आहे. ज्या मातीतून पोटासाठी बाहेर पडावं लागलं, तिथल्या शेतांना आज त्याच्या नावाचं पाणी मिळतं. यापेक्षा योग्य स्मारक मला सुचत नाही.

जुन्नरकरांनो, आता तुमच्याकडे येतो. १९०१ च्या १२ डिसेंबरला मार्कोनी न्यूफाउंडलंडच्या एका टेकडीवर बसला होता. वाऱ्यावर पतंग सोडलेला, पतंगाला तार, तार कानाला लावलेल्या यंत्रापर्यंत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेली मोर्सची तीन टिंबं अटलांटिक ओलांडून आल्याचं त्याने सांगितलं. रेडिओच्या इतिहासातला हा मोठा दिवस. त्याच रेडिओच्या पुढच्या दोन पायऱ्या जुन्नर तालुक्यात आहेत. १९७१ साली आर्वीला विक्रम भूकेंद्र सुरू झालं आणि उपग्रहामार्फत परदेशी फोन लागू लागले. पुढे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यांतल्या चौदा खोडदच्या परिसरात आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. डोंगरांनी वेढलेली, रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा म्हणून शास्त्रज्ञांनी हा भाग निवडला.

जवळ जाऊन पाहा, अँटेनाच्या थाळीला पत्रा नाही. तारांवर ताणलेली बारीक स्टीलची जाळी आहे. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. ही कल्पना शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. आराखडा इथला, बांधणी इथली. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून दिसणारी ती दुर्बीण जगभरातले शास्त्रज्ञ वेळ मागून वापरतात. स्वदेशीचा अर्थ बाबू गेनूच्या वेळी परदेशी माल अडवणं असा होता. खोडदने, जग ज्यासाठी आपल्या दारी येईल असं काही करून दाखवलं. मला ही एकाच रस्त्यावरची दोन गावं वाटतात.

सभेत शिक्षक बरेच दिसत आहेत, म्हणून शेवटची विनंती त्यांना. येत्या १२ डिसेंबरला परिपाठात दिनविशेष नुसता वाचून दाखवू नका. जुन्नरच्या शाळांनी मुलांना महाळुंगे पडवळला न्यावं. आंबेगावच्या शाळांनी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडद गाठावं, तेव्हा तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण पाहता येते. एसटीने अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे. तारीख आत्ताच वहीत लिहून घ्या आणि मुख्याध्यापकांशी उद्याच बोला.